जळता थेंब
ज्वाला वर जाते, हे आपण मुलांना शिकवतो. प्लास्टिकची आग मात्र खालीही उतरते. २ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅन बेटावर समरलँड हे करमणूक केंद्र पेटले. भिंती-छताचे ॲक्रिलिक वितळले, त्याचे जळते थेंब खाली पडून आग आणखी पसरली. ५० माणसे दगावली.

हा धोका अमेरिकेतील ‘यूएल-९४’ चाचणीत साध्या कापसाने ओळखतात. उभ्या पट्टीला दोनदा १०-१० सेकंद ज्योत लावतात. ३०० मिलिमीटर खाली कापूस असतो. पट्टी झटकन विझली, पण थेंबाने कापूस पेटला, तर ‘व्ही-०’ हा वरचा दर्जा हुकतो, ‘व्ही-२’ मिळतो. पट्टीने स्वतः विझणे पुरेसे नाही. तिने खाली काय पेटवले, हेही पाहायला हवे.