लोणारचे वाटाडे

लोणारच्या सरोवराविषयी लिहिले गेलेले साहित्य थोडे नाही. पुराणकथा, महानुभावांचे ग्रंथ, मोगलांची दफ्तरे, इंग्रज अधिकाऱ्यांच्या नोंदी आणि गेल्या शतकातील भूशास्त्रीय निबंध अशी ती मोठी परंपरा आहे. लोणारला कोण आले, केव्हा आले आणि त्यांनी काय पाहिले, हे या साहित्यातून कळते. या आलेल्यांना कड्यावरून खाली कोणी उतरवले, वाटेतल्या दगडाचे, झऱ्याचे, देवळाचे नाव कोणी सांगितले, हे मात्र त्यात जवळजवळ कुठेच सापडत नाही. प्रस्तुत लेखात आम्हांला या न नोंदलेल्या माणसाचा विचार करावयाचा आहे. तो आजही लोणारला आहे. हिवाळ्यात शाळा-महाविद्यालयांच्या सहली घेऊन तो विवरात उतरतो, आणि हंगाम सरला की पुन्हा आपल्या शेताकडे किंवा दुकानाकडे वळतो.

बुलडाणा जिल्ह्याच्या दक्षिणेस असलेले हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे आणि सुमारे दीडशे मीटर खोल आहे. तळाशी अतिशय अल्कधर्मी पाणी, उतारावर पानगळीचे रान, काठाशी यादवकालीन देवळे आणि कड्यातून पडणारी गोड्या पाण्याची धार, इतक्या गोष्टी एवढ्याशा जागेत एकत्र आल्या आहेत. विवराच्या आतले दर्शन गाडीतून घडत नाही. ते पायी उतरूनच घ्यावे लागते. म्हणून लोणारच्या ज्ञानाचा इतिहास हा काही अंशी पायी चालण्याचा आणि चालवून आणणाऱ्यांचा इतिहास आहे, असे आम्ही मानतो.

मराठीच्या अभ्यासकाला हे स्थळ प्रथम भेटते ते लीळाचरित्रात. श्रीचक्रधरांचे लोणारचे वास्तव्य आणि यादव राजा कान्हरदेव याची भेट यांची हकीकत तेथे आली आहे. पुढे चौदाव्या शतकात मुनी व्यास यांनी स्थानपोथी सिद्ध केली. चक्रधर जेथे जेथे राहिले, बसले, जेवले, ती ती ठिकाणे गावाच्या कोणत्या दिशेला आणि देवळाच्या कोणत्या अंगाला आहेत, याची ती नोंद आहे. असा ग्रंथ घरात बसून लिहिता येत नाही. त्यासाठी गावोगाव हिंडावे लागते, आणि प्रत्येक गावात ‘ते देऊळ हेच’ असे बोट दाखवून सांगणारा कोणीतरी लागतो. या ग्रंथांची संपादने करणारे डॉ. वि. भि. कोलते हे याच जिल्ह्यातील नरवेलचे. बुलडाण्याच्या मातीचा आणि स्थळांच्या या शोधाचा संबंध असा दुहेरी आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे वर्णन केले. काच आणि साबण करण्यास लागणारे सर्व काही लोणारला मिळते, असे तो सांगतो. आणि पाणी खारे असले तरी काही जागी ते गोड लागते, हेही नोंदवतो. आजचा गाईड कमळजादेवीच्या देवळाजवळ ‘सासू-सुनेची विहीर’ दाखवून एका अंगाचे पाणी खारे, दुसऱ्या अंगाचे गोडे असे सांगतो, तेव्हा तो तीच गोष्ट सांगत असतो. अबुल फजलचा ग्रंथ त्याने वाचलेला असेलच असे नाही, आणि त्याची त्याला गरजही नाही. मोगल दफ्तरात ही माहिती गेली असेल तीही अशाच कोणा स्थानिक माणसाच्या तोंडून, असे अनुमान करण्यास हरकत नसावी.

1823 साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने लोणार पाहिले. त्या वेळी वऱ्हाड निजामाच्या ताब्यात होते. पुष्कळ माहितीपत्रकांत हे साल सरोवराच्या ‘शोधाचे’ म्हणून दिले जाते. ज्या गावाच्या काठावर दैत्यसूदनाचे देऊळ कित्येक शतके उभे होते, त्या गावातील सरोवराचा ‘शोध’ एकोणिसाव्या शतकात लागला, हे विधान आपण इतक्या सहजपणे कसे स्वीकारतो, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासारखा आहे.

त्यानंतर वाद सुरू झाला तो उत्पत्तीचा. हे विवर ज्वालामुखीचे असावे, असे दीर्घकाळ समजले जाई. अमेरिकी भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी 1896 मध्ये ॲरिझोनातील विवराची चर्चा करताना लोणारचे उदाहरण घेतले, तेही स्फोटजन्य विवर म्हणूनच. पुढे स्मिथसोनियन संस्था आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्या शास्त्रज्ञांनी येथे छिद्रण करून नमुने काढले. प्रचंड आघातानेच तयार होणारी मॅस्केलिनाइटसारखी द्रव्ये त्यांत आढळली, आणि 1973 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाने बेसॉल्ट खडकातील आघातविवर म्हणून लोणारचे स्थान पक्के केले. वयाचा प्रश्न मात्र मिटला नाही. एका पद्धतीने ते सुमारे बावन्न हजार वर्षे निघाले, तर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पद्धतीच्या मापनाने सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे.

हे सारे ज्ञान शेवटी विद्यार्थ्यापर्यंत कोण पोहोचवतो? आमचा अनुभव असा की, सहलीतील पन्नास मुलांपैकी एखाद-दुसऱ्यानेच येण्यापूर्वी काही वाचलेले असते. उरलेल्यांच्या मनात लोणार म्हणून जे राहते, ते उतरताना गाईडने सांगितलेले. पृथ्वीच्या इतिहासाचा हा एक धडा त्यांना पाठ्यपुस्तकातून नव्हे, तर वर्षातले चार महिने काम मिळणाऱ्या माणसाकडून मिळतो.

त्याचे काम वाटते तितके सोपे नाही. दिवाळीनंतर सहली सुरू होतात, आणि ऊन तापू लागले की थांबतात. तुकडीत मुले किती, त्यांतली किती दमणारी, परतीची गाडी किती वाजता, हे पाहून त्याला वाट ठरवावी लागते. उतरताना घसरड्या मुरुमावर मुलांना रांगेत ठेवायचे, माकडांपासून डबे सांभाळायचे, पाण्याकाठच्या चिखलात कोणी पाय घालू नये म्हणून ओरडायचे, आणि हे करता करता लवणासुराची कथाही सांगायची. विष्णूने अंगठ्याने विवराचे झाकण उडवून आत दडलेल्या दैत्याला मारले, ते झाकण दूर जाऊन पडले व त्याची टेकडी झाली, ही ती कथा. त्याच दमात उल्कापात, बेसॉल्ट आणि आघातकाचही येते. मुलांना या दोहोंत विरोध जाणवत नाही. चांगल्या गाईडलाही जाणवत नाही. आकाशातून काहीतरी येऊन जमीन फोडून गेले, हे दोन्ही कथांना ठाऊक आहे. मात्र एक श्रद्धेची आणि दुसरी पुराव्याची, हा भेद ज्याला सांगता येतो तोच खरा जाणता.

हा भेद नेहमी पाळला जातो असे नाही. अंबर तळ्याकाठच्या आडव्या मारुतीची मूर्ती उल्केच्या दगडाची आहे असे सांगितले जाते, आणि पुरावा म्हणून होकायंत्राची सुई हललेली दाखवतात. वस्तुतः दख्खनच्या साध्या काळ्या पाषाणातही चुंबकीय खनिजे असतात. सुई हलली एवढ्यावरून तो दगड आकाशातून आला असे ठरत नाही. पण यासाठी केवळ गाईडला बोल लावणे आम्हांला अन्यायाचे वाटते. पाहुण्याला चमत्कार हवा असतो, आणि बिदागी बहुधा चमत्कारालाच मिळते. नव्या संशोधनाची माहिती त्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत नेण्याचे काम आम्हां शिकवणाऱ्यांचे होते. 5 लाख 70 हजार हा आकडा इंग्रजी नियतकालिकांत छापला गेला. कड्यावरच्या माणसापर्यंत तो कसा पोहोचावा, याची व्यवस्था कोणी केली?

जून 2020 मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि जगभर त्याची छायाचित्रे गेली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे कारण दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला ‘रामसर’ पाणथळीचा दर्जा मिळाला. टाळेबंदीमुळे त्या उन्हाळ्यात सहली बंद होत्या. लोणारविषयी सारे जग बोलत होते, आणि लोणार दाखवणाऱ्यांना मात्र काम नव्हते. पुढच्या हंगामात ‘गुलाबी का झाले होते?’ हा प्रश्न मुलांनी विचारला तो शास्त्रज्ञांना नव्हे, यांनाच.

म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या त्या सांगणाऱ्यांकडे जाऊन. एखादी लीळा दोघांनी दोन प्रकारे सांगितली तर तो फरकही त्या परंपरेने ‘शोधु’ म्हणून जपला. मूळ पोथी नाहीशी झाल्यावर स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, तेव्हा पाठ ओळखले गेले ते हिराइसेसारख्या सांगणाऱ्यांच्या नावाने. मराठी गद्याच्या आरंभीच सांगणाऱ्याचे नाव राखण्याची ही शिस्त होती. आमच्या महाविद्यालयांतून दर वर्षी शेकडो सहल-अहवाल लिहिले जातात. त्यांत प्राचार्यांचे आभार असतात, बसचालकाचेही असतात. विवरात उतरवणाऱ्याचे नाव आणि त्याने काय सांगितले याचे चार-सहा ओळींचे टिपण, एवढी भर त्यांत घालणे अवघड नाही. पुढच्या अभ्यासकाला निदान आपल्या काळापुरते तरी वाटाड्याचे नाव सापडेल.