चाळिशीची सीमारेषा

वयाच्या एका टप्प्याला आणि नाकावरच्या एका वस्तूला मराठीत एकच नाव आहे : चाळिशी. त्या वयात डोळ्यांतील भिंगाची लवचीकता उणावते आणि कागद हातभर दूर धरावा लागतो. आम्हांसही हे चुकले नाही.

चष्म्याचा उगम तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत झाला. आपल्याकडील एक जुना उल्लेख विजयनगरचा आहे. माध्व यती व्यासराय १५२० च्या सुमारास चष्मा लावून ग्रंथ वाचीत, ही सोमनाथ कवीच्या ‘व्यासयोगिचरिता’तील नोंद पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी अभ्यासकांपुढे मांडली. दहाच वर्षे आधी, १५१० साली, गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला होता, हेही येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पुढे दूरचे व जवळचे असे दोन चष्मे बाळगण्यास कंटाळून बेंजामिन फ्रँकलिनने दोहोंची भिंगे कापून एकाच चौकटीत बसविली. जेवताना पान दिसते, समोरच्याचा चेहराही दिसतो आणि त्यामुळे फ्रेंच अधिक समजते, असे त्याने १७८५ साली एका पत्रात कळविले. या भिंगातील रेषा १९५९ साली फ्रान्सच्या बेर्नार मेतेनाझ यांनी पुसली. त्यांच्या ‘व्हॅरिलक्स’मध्ये नंबर वरून खाली क्रमाक्रमाने बदलत जातो. हेच आजचे प्रोग्रेसिव्ह भिंग.

ते आम्ही मोठ्या हौसेने घेतले आणि तिसऱ्याच दिवशी देवळाच्या पायऱ्या उतरताना पाऊल चुकले, कठड्याने सावरले. भिंगाच्या वाचनाच्या भागातून आम्ही पायरी पाहिली होती! शिवाय दोन्ही कडांना धूसरपणा होताच. वकिली भाषेत सांगावयाचे तर हद्द मिटली नव्हती. ती केवळ नकाशावरून काढून कडेला सरकवली होती. मग उतरताना हनुवटी खाली घेण्याची आणि बाजूला पाहताना नुसते डोळे न फिरवता मान वळविण्याची सवय केली. दोन आठवड्यांत जमले.

तेव्हा निवाडा असा : तासन्‌तास पोथी वाचणाऱ्यास वाचनाचा साधा चष्मा उत्तम. पोथी आणि श्रोते दोन्ही पाहणाऱ्या पुराणिकास दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चालेल. रेषा खुपत नसेल तर दुहेरीत वाचनाचा भाग ऐसपैस मिळतो. मात्र ज्याचा पाय आधीच डळमळतो, त्याने पायऱ्यांसाठी केवळ दूरचा चष्मा वेगळा ठेवावा.

व्यासरायांपुढे ग्रंथ होता. फ्रँकलिनपुढे पान आणि माणूस दोन्ही. आपणांस काय पाहावयाचे आहे, ते आधी ठरवावे, चष्मा मागाहून.