द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो

द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो ही फ्रेंच लेखक अलेक्झांडर द्युमा (१८०२–१८७०) यांची साहसप्रधान कादंबरी आहे. ती १८४४ ते १८४६ या काळात पॅरिसच्या ‘जुर्नाल दे देबा’ या दैनिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. खोट्या आरोपावरून चौदा वर्षे अंधारकोठडीत काढलेला एक तरुण खलाशी सुटकेनंतर अपार संपत्तीचा धनी होतो आणि आपले आयुष्य उद्ध्वस्त करणाऱ्यांचा सूड घेतो, असे तिचे कथासूत्र आहे. सूडकथेचा आदर्श नमुना म्हणून ती ओळखली जाते. मात्र सूड घेण्याचा अधिकार माणसाला आहे काय, आणि त्याची झळ निरपराधांना लागली तर ती जबाबदारी कोणाची, हे प्रश्नही ती तितक्याच ठामपणे उपस्थित करते. नायकाचा तुरुंगातील गुरू ‘आबे फारिया’ याचे नाव गोव्यातील कांदोळी येथे जन्मलेल्या एका ऐतिहासिक व्यक्तीवरून घेतले असल्याचे मानले जाते.

लेखक व पार्श्वभूमी

द्युमा यांचे वडील जनरल तोमा-अलेक्झांडर द्युमा यांचा जन्म कॅरिबियन समुद्रातील सँ-दोमिंग (सध्याचे हैती) या फ्रेंच वसाहतीत झाला. त्यांची आई आफ्रिकी वंशाची गुलाम स्त्री होती, तर वडील फ्रेंच सरदार होते. क्रांतिकाळात ते सैन्यात जनरल पदापर्यंत चढले. इजिप्तच्या मोहिमेवरून परतताना ते नेपल्सच्या राज्यात पकडले गेले आणि सुमारे दोन वर्षे बंदिवासात राहिले. तेथे त्यांची प्रकृती कायमची ढासळली व १८०६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या वेळी लेखक द्युमा चार वर्षांचेही नव्हते. विनाअपराध कैद भोगणाऱ्या शूर माणसाचे चित्र द्युमांच्या मनात घरातूनच आले असावे, असे अनेक चरित्रकार मानतात.

१८४२ मध्ये नेपोलियनच्या एका पुतण्यासोबत एल्बा बेटाच्या सफरीवर असताना द्युमांनी समुद्रातून मॉन्टे क्रिस्टो हे ओसाड, खडकाळ बेट पाहिले. त्या बेटाचे नाव एखाद्या कादंबरीला देण्याचा संकल्प त्यांनी तेव्हाच केला.

कथानकाचे बीज त्यांना जाक प्यूशे यांनी पॅरिस पोलिसांच्या दप्तरांच्या आधारे लिहिलेल्या आठवणींत सापडले. त्यात फ्रांस्वा पिको नावाच्या एका चांभाराची हकिकत आहे. त्याचे लग्न ठरलेले पाहून मत्सरग्रस्त मित्रांनी तो इंग्रजांचा हेर असल्याची खोटी खबर दिली. तुरुंगात त्याला एका इटालियन धर्मगुरूने आपल्या गुप्त धनाचा ठेवा सांगितला आणि सुटल्यावर पिकोने एकेका मित्राचा काटा काढला. या हकिकतीच्या ऐतिहासिक सत्यतेविषयी अभ्यासकांना शंका आहे. पिकोची कथा रक्तपातातच संपते. द्युमांनी तिच्यातील सांगाडा तेवढा घेतला.

लेखनात ओग्युस्त माके हे द्युमांचे सहकारी होते. द्युमांच्याच सांगण्यानुसार, कथेचा आरंभ रोममध्ये करून नायकाचा पूर्वेतिहास नंतर थोडक्यात सांगावा, असा त्यांचा पहिला बेत होता. मार्सेयमधील तारुण्य, अटक आणि तुरुंगवास हाच कथेचा गाभा असल्याने तो सविस्तर आला पाहिजे, असे माके यांनी सुचवले. पुढे श्रेय व मानधन यांवरून दोघांत न्यायालयीन वाद झाला. माके यांना पैसे मिळाले, पण सहलेखक म्हणून नाव मिळाले नाही.

प्रकाशन

कादंबरीचा पहिला भाग २८ ऑगस्ट १८४४ रोजी आणि शेवटचा १५ जानेवारी १८४६ रोजी छापून आला. पूर्ण कादंबरीत ११७ प्रकरणे आहेत. वृत्तपत्राच्या पानाच्या तळाशी क्रमशः कादंबरी छापण्याची पद्धत तेव्हा फ्रान्समध्ये लोकप्रिय होती. मराठीत हरि नारायण आपटे यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’ पत्रातून प्रकरणशः वाचकांपर्यंत पोहोचल्या, तोच हा प्रकार होय. प्रत्येक हप्त्याच्या अखेरीस वाचकाला पुढच्या अंकापर्यंत थांबायला लावणे, ही या पद्धतीची गरज होती. कादंबरीचा प्रचंड विस्तार, उपकथांची गुंतागुंत आणि प्रकरणांचे उत्कंठावर्धक शेवट यांचे मूळ त्यात आहे.

कथानक

फेब्रुवारी १८१५ मध्ये ‘फाराओं’ हे जहाज मार्सेय बंदरात येते. एकोणीस वर्षांचा एदमाँ दांतेस लवकरच त्याचा कप्तान होणार असतो आणि मर्सेदेस या तरुणीशी त्याचे लग्न ठरलेले असते. त्याच्या बढतीवर जळणारा सहकारी दांग्लार आणि मर्सेदेसवर प्रेम करणारा फर्नां हे दोघे त्याच्याविरुद्ध निनावी पत्र धाडतात. शेजारी कादेरूस याला कट माहीत असूनही तो भीतीपोटी गप्प राहतो. दांतेस निर्दोष आहे हे सरकारी वकील विलफोर याला कळते. परंतु दांतेसजवळील पत्र विलफोरच्याच नेपोलियनवादी वडिलांच्या नावे असल्याने तो ते जाळून टाकतो आणि दांतेसला शातो दिफ या सागरी किल्ल्यात डांबतो.

निराशेने अन्नत्याग केलेल्या दांतेसला एके दिवशी भिंतीपलीकडून खणण्याचा आवाज येतो. वृद्ध कैदी आबे फारियाचे भुयार हिशेब चुकल्याने समुद्राकडे न जाता दांतेसच्या कोठडीत निघालेले असते. फारिया दांतेसला गणित, विज्ञान, इतिहास आणि परभाषा शिकवतो. तर्काच्या बळावर त्याचे शत्रू कोण हे उलगडून दाखवतो आणि मृत्यूपूर्वी मॉन्टे क्रिस्टो बेटावरील खजिन्याचे गुपित सांगतो. फारियाच्या प्रेतासाठी आणलेल्या पोत्यात दांतेस स्वतः शिरतो. पायांना तोफगोळा बांधून ते पोते समुद्रात फेकले जाते आणि चौदा वर्षांनी तो मुक्त होतो.

खजिना हाती आल्यावर तो प्रथम उपकाराची फेड करतो. आपल्या सुटकेसाठी धडपडलेले जहाजमालक मोरेल यांना तो दिवाळखोरीतून आणि आत्महत्येच्या उंबरठ्यावरून वाचवतो. त्यानंतर अनेक वर्षांच्या तयारीने तो ‘मॉन्टे क्रिस्टोचा काउंट’ या नावाने १८३८ मध्ये पॅरिसमध्ये अवतरतो. त्याचे अपराधी आता प्रतिष्ठित झालेले असतात. फर्नां सरदार आणि मर्सेदेसचा पती आहे, दांग्लार मोठा सावकार आहे आणि विलफोर वरिष्ठ सरकारी वकील आहे.

सूडाची रीत

काउंट कोणावरही थेट शस्त्र उचलत नाही. ज्या लोभातून वा पापातून प्रत्येकाने वैभव मिळवले, त्यातच तो त्याला अडकवतो. दांग्लार पैशासाठी जगतो, म्हणून काउंट दूरसंदेश मनोऱ्यावरील एका गरीब कर्मचाऱ्याला लाच देऊन स्पेनविषयी खोटी बातमी पाठवायला लावतो आणि घबराटीत रोखे विकून दांग्लार लक्षावधी गमावतो. फर्नांने ज्या अली पाशाचा विश्वासघात केला, त्याचीच मुलगी हायदे संसदेच्या वरिष्ठ सभागृहापुढे साक्ष देते. बेअब्रू झालेल्या फर्नांला पत्नी व मुलगा सोडून जातात आणि तो आत्महत्या करतो. विलफोरने जन्मतःच जिवंत पुरलेले अनौरस मूल वाचून गुन्हेगार झालेले असते. ते भर न्यायालयात पित्याचे नाव घेते.

सूड आणि न्याय

या टप्प्यापर्यंत वाचक बहुधा निःशंकपणे नायकाच्या बाजूने असतो. विलफोरच्या घरात मात्र कथा वळण घेते. वारशाच्या लोभाने कुटुंबातील माणसांना विष देणारी विलफोरची पत्नी अखेरीस स्वतःबरोबर आपल्या लहान मुलालाही, एदुआरलाही, मारते. विषांविषयीचे तिचे कुतूहल काउंटनेच बोलता बोलता चाळवलेले असते. मुलाचे प्रेत पाहून विलफोरला वेड लागते आणि आपण ईश्वरी न्यायाचे हस्तक आहोत ही काउंटची श्रद्धा डळमळते. महाभारताच्या सौप्तिक पर्वात पित्याच्या वधाचा सूड घेणाऱ्या अश्वत्थाम्याच्या हातून झोपलेली मुले मारली जातात, तेव्हा जो प्रश्न उभा राहतो त्याच्याशी हा प्रसंग नाते सांगतो. यानंतर काउंट शातो दिफला पुन्हा भेट देतो आणि शेवटचा शत्रू दांग्लार याला कफल्लक करून, पण जिवंत सोडून, क्षमा करतो.

या वळणाची सूचना द्युमांनी बरीच आधी दिलेली आहे. दांतेसला त्याच्या शत्रूंची नावे उलगडून दाखवल्यावर फारियाला पश्चात्ताप होतो, कारण शिष्याच्या मनात पूर्वी नसलेली सूडाची भावना आपण पेरली, हे त्याच्या ध्यानात येते. खजिना व विद्या यांबरोबर सूडही दांतेसला त्याच कोठडीत मिळतो, आणि गुरूला द्यायचा नव्हता असा वारसा तो एकच. कादंबरीची दीर्घकालीन लोकप्रियता केवळ सूडाच्या समाधानावर उभी नाही. अन्याय झालेल्या माणसाला दाद मिळावी ही इच्छा ती पूर्ण करते आणि मग त्या पूर्ततेची किंमतही मोजून दाखवते. कादंबरीचा अखेरचा उपदेश सूडाचा नसून धीराचा व आशेचा आहे.

आबे फारिया आणि गोवा

‘आबे’ हे फ्रेंचमध्ये धर्मगुरूसाठी वापरले जाणारे संबोधन आहे. कादंबरीतील फारिया इटालियन विद्वान आहे. इटलीच्या एकीकरणाचे स्वप्न पाहिल्याबद्दल तो कैदेत पडलेला असतो. माशाच्या डोक्यातील कूर्चेपासून लेखणी आणि काजळी व मद्य यांपासून शाई करून तो सदऱ्यांच्या कापडावर ग्रंथ लिहितो.

ऐतिहासिक फारिया, म्हणजे जुझे कुस्तोदियो द फारिया, यांचा जन्म १७५६ मध्ये बार्देश तालुक्यातील कांदोळी येथे आईच्या घरी झाला. वडील कोलवाळचे होते. पुढे आईवडील विभक्त झाले. आई जोगीण झाली, तर वडिलांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली. १७७१ मध्ये पितापुत्र लिस्बनला पोहोचले. पुत्राचे शिक्षण रोममध्ये झाले आणि १७८० मध्ये त्यांना दीक्षा मिळाली. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन देताना ते गोंधळले असता, समोरचे लोक भाजीसारखे आहेत, भाजी काप, असे वडिलांनी कोकणीत हळूच सांगितले आणि त्यांची भीती गेली, अशी आख्यायिका गोव्यात सांगितली जाते. गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा पिंटोंचा कट १७८७ मध्ये उघडकीस आला. त्यात वडिलांचे नाव गोवले गेल्यानंतर फारिया फ्रान्सला गेले.

क्रांतिकाळातील राजकीय उलाढालींत भाग घेतल्यावर ते १८११ मध्ये मार्सेयमध्ये तत्त्वज्ञानाचे अध्यापक झाले. १८१३ पासून त्यांनी पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग केले. त्या काळी मेस्मरप्रणीत ‘चुंबकीय द्रव’ हे संमोहनाचे कारण मानले जाई. फारिया यांनी ते नाकारले. संमोहनकर्त्याजवळ कोणतीही अद्भुत शक्ती नसते. निद्रा सूचनेने आणि व्यक्तीच्या स्वतःच्या मनोवृत्तीने येते, हे त्यांचे प्रतिपादन पुढील काळात मान्य झाले. हयातीत मात्र त्यांची रंगभूमीवरून टर उडवली गेली आणि सप्टेंबर १८१९ मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा ग्रंथ त्याच वर्षीचा आहे. डी. जी. दालगादो यांनी १९०६ मध्ये आणि नोबेल पारितोषिकाचे पुढील काळातील मानकरी एगास मोनिश यांनी १९२५ मध्ये त्यांच्या कार्यावर लेखन केले.

त्यांना शातो दिफमध्ये ठेवले होते, ही समजूत प्रामुख्याने कादंबरीवरून आलेली आहे. दोन फारियांमध्ये धर्मगुरूपद, विद्वत्ता आणि मार्सेय एवढेच दुवे निश्चित दिसतात. कादंबरीने हे नाव जगभर पोहोचवले, पण त्यामागील गोमंतकीय माणूस झाकला गेला. पणजी येथे जुन्या सचिवालयाजवळ शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला फारियांचा पुतळा १९४५ पासून उभा आहे. समोरच्या स्त्रीला संमोहित करताना हात पसरलेली अशी त्यांची मुद्रा त्यात आहे.

अनुवाद, रूपांतरे व प्रभाव

इंग्रजी अनुवाद १८४६ मध्येच प्रसिद्ध झाला. त्यात तत्कालीन संकेतांना न रुचणारे काही तपशील सौम्य केले होते. रॉबिन बस यांचा १९९६ चा अनुवाद मुळाशी अधिक प्रामाणिक आहे. मराठीत ही कथा मुख्यतः संक्षिप्त रूपांतरांतून वाचली जाते. अशा रूपांतरांत तुरुंग, पलायन व खजिना हे भाग टिकतात, परंतु एदुआरचा मृत्यू आणि नायकाची द्विधा अवस्था यांना पुरेसा वाव मिळत नाही. त्यामुळे मूळ कादंबरीपेक्षा ती सरळ सूडकथा वाटते.

अमेरिकी नाटककार यूजीन ओनील यांचे वडील, नट जेम्स ओनील, यांनी दांतेसची भूमिका आयुष्यभरात हजारो वेळा केली. चित्रपट रूपांतरांपैकी १९३४, २००२ आणि २०२४ ही विशेष प्रसिद्ध आहेत. क्यूबातील चिरूट कारखान्यांत कामगार विड्या वळत असताना त्यांना मोठ्याने वाचून दाखवण्याची प्रथा होती आणि ही कादंबरी त्यांची आवडती होती. ‘मॉन्टेक्रिस्टो’ या चिरुटाचे नाव त्यावरूनच पडले. शातो दिफ आता पर्यटनस्थळ असून तेथे दांतेस आणि फारिया यांच्या म्हणून कोठड्या दाखवल्या जातात. द्युमांच्या अस्थी २००२ मध्ये पॅरिसच्या पाँतेओँ या राष्ट्रीय स्मारकात समारंभपूर्वक हलवण्यात आल्या.