कवी-डॉक्टरने चाखलेलं विष

माझ्या खालाचे डोळे आपोआप मिटायचे. झोपेने नव्हे; पापण्यांचे स्नायू आखडत आणि उघडता उघडत नसत. रस्ता ओलांडायचा तर बोटाने पापणी वर धरावी लागे. डॉक्टरांनी डोळ्यांभोवती बारीक सुया टोचल्या आणि आठवडाभरात खाला समोर बघू लागली. औषधाचं नाव निघालं बोटॉक्स. मी चमकलो. हे तर नटनट्यांच्या सुरकुत्या घालवायचं इंजेक्शन! त्याची कुळकथा शोधत गेलो तर मंडळी, मुळाशी भेटला एक कवी.

युस्टिनुस केर्नर, जन्म १७८६. जर्मनीतल्या वुर्टेम्बर्ग राज्यातला हा कवी पोटापाण्यासाठी डॉक्टरकी करी. त्याच्या कवितांना शूमानसारख्या संगीतकाराने चाली दिल्या. त्या मुलखात डुकराच्या रक्तामांसाची सॉसेज खाऊन माणसं दगावत. हवा न पोचणाऱ्या जागी ते विष तयार होतं. केर्नर रोग्यांच्या नोंदी करत राहिला आणि १८२२च्या पुस्तकात त्याने १५५ जणांची हकीकत मांडली. एकाचे दोन दिसतात, पापण्या गळतात, घास उतरत नाही, शेवटी श्वास थांबतो, पण शुद्ध मात्र शाबूत राहते. डोळ्यांतलं पाणी आटतं, हेही त्याने टिपलं. मरणाऱ्याला रडताही येऊ नये, ही नोंद वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो.

गृहस्थ एवढ्यावर थांबला नाही. विषाचा अर्क काढून त्याने स्वतःच्या जिभेवर थेंब टाकले! आणि लिहून ठेवलं की अगदी अल्प प्रमाणात हेच विष अनावर झालेल्या मज्जातंतूंना शांत करू शकेल. ते खरं ठरायला दीडशेहून अधिक वर्षं लागली.

मधल्या काळात, १८९५ साली बेल्जियममधल्या एलझेल गावी एका अंत्ययात्रेत वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी हॅम खाल्लं आणि त्यांतले तिघे मेले. त्यावरून व्हान एर्मेंगेम यांनी विष बनवणारा जंतू शोधला. 'बोटुलस' म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज; नाव तिथून आलं. पुढे सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणावर हे विष वापरलं. १९८९मध्ये अमेरिकेत तिरळेपणासाठी आणि पापण्यांच्या आकडीसाठी, म्हणजे माझ्या खालाच्याच दुखण्यासाठी, परवानगी मिळाली.

सुरकुत्या मागाहून आल्या. कॅनडात व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्यांवर इलाज करत. भुवयांमध्ये सुई टोचली नाही म्हणून त्यांची एक रुग्ण नाराज झाली. तिथल्या आठ्या गेल्याने तिचा चेहरा निवांत दिसू लागला होता. जीनबाईंचे पती अ‍ॅलस्टेर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांचा लेख १९९२मध्ये आला आणि २००२मध्ये अमेरिकेने भुवयांमधल्या आठ्यांसाठी परवानगी दिली.

विष तेच आहे. मज्जातंतूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचू देत नाही. तीन-चार महिन्यांनी तो पुन्हा पोचू लागतो आणि आठ्या परततात. बोटॉक्सची भुवयांमधली ठरलेली मात्रा २० युनिट. दुसऱ्या कंपनीचं युनिट मात्र याच मापाचं नसतं. जाणत्या हाताने दिलं तरी डोकं दुखू शकतं, क्वचित पापणी काही आठवडे उतरते. गरोदर बायकांनी आणि स्नायूंच्या दुबळेपणाचा आजार असलेल्यांनी दूरच राहावं. २००४मध्ये फ्लोरिडात माणसांसाठी नसलेलं, प्रयोगशाळेतलं विष टोचलं गेलं आणि चौघे लुळे पडले. त्यांत सुई टोचणारा डॉक्टरही होता. २००९मध्ये अमेरिकेने औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक इशारा छापायला लावला, कारण विष टोचल्या जागेपासून पसरू शकतं. २०२४मध्ये तिथेच बनावट कुप्या सापडल्या. गिळायला, बोलायला वा श्वास घ्यायला त्रास झाला, मग तो काही दिवसांनी का असेना, तर तडक इस्पितळ गाठावं. पार्लरमधल्या स्वस्त सुईचा मला राग येतो तो यासाठी.

खाला दर चार महिन्यांनी जाते. मागच्या खेपेला मी सोबत होतो. कुपी उघडण्याआधी डॉक्टरांनी ती तिच्या हातात दिली. खालाने चष्मा लावला आणि मुदतीची तारीख मोठ्याने वाचून दाखवली.