खोळंब्यावर जगलेले गाव

पूल झाला की तर बंद पडते आणि तरीवर जगणारे गाव ओस पडते, असे आपण सरसकट धरून चालतो. स्कॉटलंडमधील नॉर्थ क्वीन्सफेरी या फोर्थच्या खाडीकाठच्या चिमुकल्या गावाचा इतिहास या समजुतीला छेद देतो. अकराव्या शतकात राणी मार्गारेटने डन्फर्मलिन आणि सेंट अँड्र्यूजच्या यात्रेकरूंसाठी इथे नावेची सोय केली. गावाचे नावही त्यावरूनच पडले. पण नाव हाकणे हा इथला अर्धाच धंदा. भरती-ओहोटी आणि वारा यांच्या मर्जीवर सगळे चालायचे, त्यामुळे उतारू काठावर अडकायचे; त्यांचे जेवणखाण, मुक्काम, घोड्यांचा चारा यांवरही गावाची चूल पेटत होती. धक्क्यावरचे 1817 सालचे दीपघर आजही पाहता येते. रॉबर्ट स्टीव्हन्सनने बांधलेला हा षट्कोनी मनोरा अवघ्या 24 पायऱ्यांचा, आणि माथ्यावर तेलाचा दिवा. अंधारात येणाऱ्या नावेला धक्का दाखवायला तेवढा उजेड पुरे होता.

4 मार्च 1890 रोजी फोर्थचा रेल्वेपूल खुला झाला. 2,467 मीटर लांब, 521 मीटरचे दोन प्रचंड गाळे, सुमारे 53,000 टन पोलाद. हे काम उभारताना किमान 73 माणसे दगावली, आणि त्या पुलाचे कौतुक करताना हा आकडा कुणी गाळू नये असे मला वाटते. पूल थेट गावाच्या डोक्यावरून गेला, तरीही तर थांबली नाही. ती आणखी 74 वर्षे चालली! रेल्वेने उतारू नेले हे खरे, तेव्हा तरीचा ऱ्हास तिथूनच सुरू झाला असे कुणी म्हणेल. मग 1934 मध्ये विल्यम डेनी कंपनीने दोन नव्या बोटी कशासाठी आणल्या, आणि 1956 पर्यंत त्यांच्या चार कशा झाल्या? रुळांवरून आगगाडी जाते, मोटार जात नाही. मोटारी वाढल्या तशी धक्क्यावरची रांगही वाढली. म्हणजे गावाचा जुना खोळंबा संपला नव्हता, घोड्यांच्या जागी मोटारी आल्या एवढेच.

तो संपला 4 सप्टेंबर 1964 रोजी. त्या दिवशी रस्त्याचा पूल खुला झाला आणि आठशेहून अधिक वर्षांची तर बंद पडली. 2017 मध्ये तिसरा पूल आला, तोवर या गावाकडून हिरावण्यासारखे काही उरलेच नव्हते. रेल्वेपुलाला 2015 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले आणि आता तो पाहायला लोक येतात, ही भरपाई नव्हे काय? थोडी आहे. पण पूल पाहायला आलेला माणूस आपल्या मर्जीने येतो आणि मर्जी झाली की निघतो. वाऱ्याने अडवलेल्या उतारूला रात्रीचे छप्पर शोधावेच लागे. गावाला थोडाफार हात दिला तो पहिल्याच पुलाने: 1890 मध्येच इथे स्टेशन झाले आणि तिथे गाडी आजही थांबते. मोटारी मात्र गावाच्या बाजूने, उंचावरून, पलीकडे निघून जातात.