गिऱ्हाईक कोठे अडते?

दुकानात गिऱ्हाईक गोंधळले तर गल्ल्यावर बसलेल्या मालकाला ते दिसते. संकेतस्थळावर गोंधळलेले गिऱ्हाईक मात्र काही न बोलता निघून जाते. ऑनलाइन विक्रीचे पान देखणे आहे की नाही यापेक्षा त्यावरून खरेदी पुरी करता येते की नाही, हे तपासण्याच्या पद्धतीला वापरसुलभतेचे मूल्यमापन म्हणतात. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने वापरसुलभतेच्या तीन कसोट्या सांगितल्या : काम पुरे होते का, त्याला किती श्रम पडतात आणि वापरणाऱ्याचे समाधान होते का.

या विषयातील सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. सल्लागार जॅरेड स्पूल यांनी ते २००९ मध्ये प्रसिद्ध केले. दुकानाचे नाव त्यांनी सांगितले नाही. निवडलेल्या वस्तूंचे पैसे देण्याआधी तेथे एक छोटा फॉर्म येत असे. त्यात ई-मेल आणि पासवर्डच्या चौकटी व ‘लॉगिन’ आणि ‘नोंदणी’ ही दोन बटणे होती. एकदा नोंदणी केली की पुढची खरेदी झटपट होईल, असा रचनाकारांचा हिशेब. ग्राहकांना प्रत्यक्ष खरेदी करताना पाहिले तेव्हा तो चुकीचा ठरला. नव्यांना नोंदणीची सक्तीच नकोशी वाटे, तर जुन्यांना आपण कोणता ई-मेल आणि पासवर्ड दिला होता हे आठवत नसे. नोंदी तपासल्यावर ४५ टक्के ग्राहकांची एकाहून अधिक खाती निघाली. दररोज सुमारे १ लाख ६० हजार जण विसरलेला पासवर्ड मागत आणि त्यांतील ७५ टक्के पुढे खरेदी पुरी करण्याच्या फंदात पडत नसत. उपाय साधा होता. ‘नोंदणी’च्या जागी ‘पुढे चला’ हे बटण आले आणि खरेदीसाठी खाते उघडण्याची गरज नसल्याची सूचना. स्पूल यांच्या सांगण्यानुसार खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले आणि वर्षभरात विक्रीत ३० कोटी डॉलरची भर पडली. अर्थात, प्रत्येक बटणामागे एवढे धन दडलेले नसते.

असे दोष शोधायचे तर ‘पान कसे वाटले?’ असे विचारून भागत नाही. भिडेखातर बहुतेक जण ‘छान’ म्हणतात. त्याऐवजी नेमके काम द्यावे : पाचशे रुपयांच्या आत चप्पल निवडा, ती बसली नाही तर परत कशी करायची ते शोधा. मग शेजारी गप्प बसून पाहावे. मदत करण्याचा मोह आवरणे हेच त्यातले अवघड काम. जेकब नील्सन यांनी २००० मध्ये मांडल्याप्रमाणे पाच जणांच्या चाचणीतून सुमारे ८५ टक्के दोष उघड होतात. मात्र, हे गणित सारख्याच प्रकारच्या ग्राहकांना लागू पडते. ज्येष्ठ नागरिकांचे अडथळे महाविद्यालयीन तरुणांकडून कळणार नाहीत. चाचणीनंतर समाधान मोजण्यासाठी जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची प्रश्नावली आजही वापरली जाते. तिचे गुण शंभरपैकी असले तरी ते टक्के नव्हेत. सरासरी ६८ च्या आसपास येते.

आपल्याकडच्या पानांवर सुधारणेला वाव पत्त्याच्या फॉर्मपासूनच आहे. सहा आकडी पिनकोडवरून राज्य आणि जिल्हा कळू शकतो, तरी अनेक फॉर्म ते वेगळे भरायला लावतात. घरपोच पाठवण्याचा खर्च अखेरच्या पायरीवर दाखवणे तर त्याहून वाईट.

येथे एक सावधगिरी हवी. विक्री वाढली म्हणजे पान सुलभ झाले, असे नाही. न मागितलेली वस्तू यादीत घुसडून किंवा ‘शेवटचे दोनच नग’ अशी खोटी घाई दाखवूनही विक्री वाढते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या रचनांना मनाई केली. शेवटच्या क्षणी वाढवलेली किंमत हीदेखील त्यांतलीच एक.