दिनविशेष, ७ ऑक्टोबर : प्राणवायूची चाहूल घेणाऱ्या पेशी
२०१९ : वैद्यकशास्त्राचे नोबेल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना जाहीर झाले.

प्राणवायू कमी पडल्याचे पेशीला कळते कसे, याचा छडा या तिघांनी लावला. ‘एचआयएफ’ हे प्रथिन प्राणवायू मुबलक असताना काही मिनिटांतच नष्ट होते. तुटवड्यात ते साचते. मग मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन स्रवते आणि अस्थिमज्जेत तांबड्या पेशी वाढू लागतात.

छत्रपती संभाजीनगरच्या मनीषा वाघमारे यांनी २०१८ मध्ये एव्हरेस्ट सर केले. तिथे प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक-तृतीयांश! गिर्यारोहक बेस कॅम्पवर कित्येक आठवडे मुक्काम ठोकतात, तो रक्तात तांबड्या पेशी वाढायला वेळ मिळावा यासाठीही.

मूत्रपिंडाच्या रुग्णांतील रक्तक्षयावर ‘एचआयएफ’ टिकवून धरणारी डेसिड्यूस्टॅट ही गोळी भारतात २०२२ मध्ये मंजूर झाली.